कर्त्याचा नारळ

वैष्णवीने सासऱ्यांच्या सदऱ्याची बाही मागून धरली आणि ओढलीच. सखाराम भुवड तळहातावर तंबाखूचा बार मळून निघाले होते, थेट समोरच्या बाकाकडे. कोर्टाच्या व्हरांड्यातल्या त्या बाकावर बाबू शिगवण बसला होता, त्यांच्या वाडीचा गावकार, म्हणजे मुख्य मानकरी. आज तो सरकारी साक्षीदार होता आणि सखाराम आरोपी.

"आबा, नको."

"काय नको? बार देतोय त्याला."

"ते तुमच्या विरुद्ध साक्ष द्यायला आलेत. वकीलबाईंनी बजावलंय ना, त्यांच्याशी बोलायचं नाही म्हणून?"

"बोलतोय कुठं? नुसता बार देतोय."

तिकडे बाबूने सवयीने हात पुढे केला होता. मग त्याच्याही लक्षात आलं असावं. त्याने हात गुडघ्यावर ठेवला आणि नोटिसांच्या फळ्याकडे बघत बसला. सकाळी तिघंही एकाच एसटीने आले होते. हातखंब्याला गाडी बदलताना बाबूनेच सखारामांची पिशवी वर घेतली होती. तिथे पिशवी चालते आणि इथे बार चालत नाही, हे आबांच्या डोक्यात काही शिरत नव्हतं. त्यांनी बार स्वतःच्याच ओठाखाली सारला आणि कुरकुरत भिंतीला टेकले.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते उगाच नाय."

"आपण कुठे चढलो? आपल्याला चढवलंय," वैष्णवी म्हणाली. आतून शिपाई एकेक नाव पुकारत होता आणि प्रत्येक नावाला ती दाराकडे बघत होती.

गेल्या वैशाखातली गोष्ट. भाताचा तरवा, म्हणजे रोपं, जिथे पेरायचा त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, तोडलेल्या फांद्यांची वाळलेली कवळं पसरायची आणि भाजून काढायची, ही भाजावळ वाडीत घरोघर होते. भुवडांच्या भाजावळीतली आग सड्यावरच्या वाळक्या गवतात शिरली आणि तिथून वर, विनीत सुर्व्यांच्या बागेत. सुर्वे रत्नागिरी शहरातले. त्यांनी तो उतार विकत घेऊन हापूसची कलमं लावली होती, टँकरने पाणी घालून जगवली होती. पहिला मोहोर धरायच्या वयाची चाळीसेक कलमं उभीच्या उभी जळाली. वाडी हंडे-कळश्या घेऊन धावली, पण जांभ्या दगडाच्या सड्यावर पाणी आणायचं कुठून?

मग देवळात वाडीची गावकी बसली. सुर्व्यांनाही बोलावलं होतं. सखारामांनी सगळ्यांसमक्ष देवीपुढे नारळ ठेवला, बाबूने वाडीच्या वतीने देवीला गाऱ्हाणं घातलं आणि वाडीच्या लेखी विषय संपला. सुर्व्यांच्या लेखी तो तिथे सुरू झाला. या माणसाने पंचांसमोर गुन्हा कबूल केला, असं त्यांनी धरलं आणि दुसऱ्याच दिवशी पोलीस स्टेशन गाठलं. त्यांचं तरी काय चुकलं? चाळीस कलमांच्या राखेवर एक नारळ, कोणाच्या गळी उतरेल!

पण आग लागली त्या दिवशी सखाराम वाडीत नव्हतेच. ते खेडला लेकीकडे गेले होते. भाजावळ लावली होती वैष्णवीने.

नवरा नितेश मुंबईला, सासू जाऊन बरीच वर्षं झालेली. आजूबाजूच्या सगळ्यांच्या भाजावळी उरकल्या होत्या, आपलीच तेवढी राहिली, म्हणून तिने सकाळी काडी लावली. बाजूने गवत काढून पट्टा मोकळा केला होता, ओली टहाळी हाताशी होती. दुपारपर्यंत सगळं काळंभोर होऊन बसलं. विझली, असं तिला वाटलं. आणि ती लेकीला, सानवीला, अंगणवाडीतून आणायला गेली. परत येते तो खाडीकडचा वारा सुटलेला आणि सड्यावर धूर.

रात्री आबा खेडहून आले. जळलेला उतार त्यांनी वाटेवरूनच पाहिला होता. पाय धुतले आणि विचारलं काय, तर "सानवी बरी हाय ना?" बस्स. त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द नाही. गावकीच्या दिवशी सकाळी माळ्यावरचे नारळ हलवून बघितले, पाण्याचा निवडला आणि देवळाकडे गेले. वैष्णवीला वाटायचं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या खाऊन माणूस मोकळा तरी होतो. हे असं कोणी आपल्यासाठी मुकाट्याने उभं राहिलं की जेवण गोड लागत नाही.

"भुवडकाका, आलात का? या इकडे, जिन्याजवळ."

अॅडव्होकेट अक्षया मयेकर हेल्मेट बगलेत मारून आली. विधी सेवा प्राधिकरणाने सखारामांना दिलेली ही मोफत वकील. मोफत म्हटल्यावर वाडीत लोकांनी नाकं मुरडली होती, पण पोरगी खमकी होती. मिरकरवाड्याकडची, मासळीच्या लिलावाच्या गलक्यात वाढलेली. हळू बोलली तरी दहा माणसांना ऐकू जायचं. आज ती मुद्दाम हळू बोलत होती.

"काका, शेवटचं विचारते. आग किती वाजता लावलीत?"

"संध्याकाळी. ऊन उतरल्यावर."

अक्षयाने फाईल उघडून बघितली. "सुर्व्यांच्या राखणदाराने दुपारीच धूर बघितलाय."

"मग दुपारी असंल."

"वारा कुठला होता?"

"वारा काय, वाऱ्यासारखा वारा."

"काका!" अक्षयाने फाईल मिटली. "अहो, तुमच्यावर आरोप काय आहे, कळलंय ना तुम्हाला? मागच्या वेळी सांगितलं होतं."

"आग लावली."

"आग लावली एवढाच नाही. आगीने आगळीक केली, असा आहे. आगळीक म्हणजे दुसऱ्याचं नुकसान व्हावं म्हणून, किंवा होणार हे माहीत असून मुद्दाम केलेलं काम. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि भाजावळ करताना नजर चुकली, वारा फिरला, तर तो निष्काळजीपणा. तोही गुन्हाच, पण पुष्कळ लहान. महिने, नाहीतर दंड. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण तो फरक मी न्यायाधीश साहेबांना दाखवायचा कसा? आग कशी लागली, कशी पसरली, हे लावणाऱ्यालाच माहीत असतं. आणि तुम्ही तर मला असं सांगताय, जसं काही तुम्ही तिथे नव्हताच."

आबा जिन्याच्या कठड्यावरचा रंग नखाने खरवडू लागले. वैष्णवी त्यांच्या नखाकडे बघत राहिली. आग कशी पसरली ते तिला पावलापावलाने पाठ होतं. रोज झोपायच्या आधी ते सगळं डोळ्यांपुढून जायचं, पट्टा, टहाळी, अंगणवाडीची घंटा, धूर.

"आणि तो नारळ," अक्षया म्हणाली. "आग तुमच्या जमिनीतून निघाली, हे पंचनाम्यात आहे. पण ती तुम्ही लावली, हे बघणारा एकही साक्षीदार नाही. आहे तो फक्त नारळ. बाबू शिगवणांच्या जबाबात पोलिसांनी लिहिलंय, आरोपीने सर्वांसमक्ष देवीपुढे नारळ ठेवून आपली चूक कबूल केली. ते आज पिंजऱ्यात उभं राहून हेच सांगणार. मग मी त्यांना काय विचारू? तुम्ही नारळ का ठेवलात?"

"ठेवायचा असतो म्हणून."

"म्हणजे चूक तुमची होती म्हणून?"

"ठेवायचा असतो," आबा पुन्हा म्हणाले. मग एकदम मान वर करून म्हणाले, "बाय, असं करा ना, कबूल करून टाका. हेलपाटे तरी वाचतील. काय व्हायचं ते होऊ दे."

"काय व्हायचं ते म्हणजे काय, ते तरी कळतंय का तुम्हाला? तुमचं वय बघून साहेब कदाचित चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतील. कदाचित नाही सोडणार. नुकसान मोठं आहे आणि फिर्यादी गप्प बसणारा नाही. या वयात तुम्ही आत गेलात तर? मी हमी देणार नाही."

"माज्या वयात आता काय राहिलंय?" असं म्हणून ते नळाकडे निघून गेले, चूळ भरायला.

दोघी जिन्यापाशी राहिल्या. अक्षयाने सुस्कारा टाकला. "तुमचे सासरे म्हणजे धन्य आहेत हो. असा आरोपी मी पाहिला नाही. सुटायची इच्छाच नाही त्यांना."

वैष्णवीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एवढ्या तारखा ती येत होती. दर वेळी एसटीत ठरवायची, आज सांगायचं. आणि दर वेळी सानवी आठवायची, अंगणवाडीच्या दारात दप्तर घेऊन उभी. मग ती न सांगताच परत जायची. आबांनी तिच्याकडे कधी बघितलंसुद्धा नव्हतं, तू गप्प बस म्हणून. बघायची गरजच नव्हती. वाडीत सगळ्यांनाच माहीत होतं आणि सगळ्यांचीच अळीमिळी गुपचिळी. त्या गुपचिळीच्या सावलीत ती आजवर बसून होती आणि समोरचा माणूस उन्हात उभा होता.

नळाचं पाणी गेलं होतं वाटतं. आबा रिकाम्या तोटीखाली ओंजळ धरून उभे होते. तोटी फिरवत होते, पुन्हा ओंजळ धरत होते. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मॅडम," ती म्हणाली, "नारळ कर्त्याने ठेवायचा असतो."

"म्हणजे?"

"आमच्या वाडीत तसंच आहे. घरात कोणाचंही चुकू दे. पोराचं, सुनेचं, गड्याचंसुद्धा. गावकीपुढे घरातला कर्ता माणूस जातो आणि तोच नारळ ठेवतो. त्याचं चुकलं म्हणून नाही. घर त्याचं म्हणून." "तुम्ही बाबूकाकांना तेवढंच विचारा. ते नाही म्हणणार नाहीत. आणि त्या दिवशी आबा तर..."

"थांबा!"

अक्षयाने हातच पुढे केला होता, गाडी थांबवतात तसा. तिने आजूबाजूला पाहिलं. मग इतक्या हळू बोलली की वैष्णवीला पुढे वाकावं लागलं.

"पुढचं वाक्य बोलू नका. मला सांगू नका आणि इथे कोणालाच सांगू नका. नीट ऐका, वैष्णवीताई. मी त्यांची वकील आहे. तुमची नाही. त्यांच्या फायद्याची गोष्ट कानावर आली की मला ती वापरावीच लागते, मग तिने दुसऱ्या कोणाचं काहीही होवो. लक्षात येतंय?"

"येतंय."

"तुमच्या घरात मोठी माणसं किती?"

"मालक मुंबईला असतात. इथे आबा आणि मी."

अक्षया क्षणभर तिच्याकडे बघत राहिली. वकीलपणा तिच्या चेहऱ्यावरून थोडासा सरकला आणि परत जागेवर आला. "हा प्रश्न मी विचारला की पुढचा प्रश्न कोणाकडे जाणार, ते तुम्हाला कळलंय. तरी सांगितलंत?"

"विचारा," वैष्णवी म्हणाली.

तेवढ्यात शिपायाने सखाराम भुवडांच्या नावाचा पुकारा केला.

कोर्टात पंखा होता, पण हवा नव्हती. आबा आरोपीच्या जागी जाऊन उभे राहिले, देवळात उभे राहतात तसे, हात जोडून. अक्षयाने खुणेने त्यांना हात खाली घ्यायला लावले. वैष्णवी मागच्या बाकावर बसली. तिच्या पुढच्या बाकावर विनीत सुर्वे होते, पाठमोरे, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांच्या मानेवर भाजल्याचा एक सुकलेला व्रण होता. त्या दुपारी तेही फांदी घेऊन आगीत शिरले होते. तो त्या दिवसाचाच असावा. तिने मान खाली घातली.

बाबू पिंजऱ्यात चढला. देवाशपथ खरं सांगेन म्हणताना त्याचा आवाज खणखणीत होता. शपथेची त्याला काय नवलाई! सरकारी वकिलांनी झरझर विचारलं. गावकी बसली होती का? बसली होती. आरोपी हजर होता का? होता. त्याने नारळ ठेवला का? ठेवला. कशासाठी ठेवला?

"चुकीबद्दल."

"म्हणजे चूक झाली, हे मान्य करून?"

"व्हय. चूक झाली म्हणून तर नारळ."

न्यायाधीशांनी मजकूर सांगितला आणि टाईप करणाऱ्याची बोटं खडखडली. सुर्व्यांचे खांदे सैल झाले. आबांनीही मान डोलावली, बाबू बरोबर बोलतोय अशा थाटात. वैष्णवीला रडावं की हसावं कळेना.

अक्षया उठली.

"शिगवण, तुमच्या वाडीत गावकीपुढे नारळ घरातल्या कोणी ठेवायचा, याची काही रीत आहे का?"

"हाय ना. कर्त्यानं ठेवायचा."

आबांची मान डोलायची थांबली.

"असं म्हणणं खरं आहे का, की घरातल्या दुसऱ्या कोणाची चूक असली तरी नारळ कर्ता माणूसच ठेवतो?"

बाबूने एकदा सखारामांकडे पाहिलं. सखाराम मात्र त्याच्याकडे बघत नव्हते. ते पूर्ण मागे वळले होते आणि मागच्या बाकावरच्या सुनेकडे बघत होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत राग होता.

"आरोपी, पुढे बघा," शिपाई म्हणाला.

"व्हय. खरं हाय," बाबू म्हणाला. "कोणाचंबी चुकलं तरी कर्ताच ठेवतो."

"आणि सखाराम भुवडांनी 'आग मी लावली' असे शब्द गावकीत उच्चारले का?"

"नाय. तो कायच बोलला नाय. बोलायचं नसतं त्यानं. गाऱ्हाणं मी घालतो."

न्यायाधीशांनी मान वर केली. मग सावकाश, एकेक शब्द तोलत, लिहायला सांगितलं, "हे म्हणणे खरे आहे की, आमच्या वाडीत घरातील कोणाचीही चूक असली तरी नारळ घरातील कर्ता पुरुष ठेवतो." खडखड थांबली. अक्षया खाली बसली. तिने मागे वळून पाहिलं नाही.

सरकारी वकील उठले. "फेरतपासणीची परवानगी हवी, सर."

"नवीन मुद्दा आहे, सर, माझी हरकत आहे," अक्षया बसल्या बसल्या म्हणाली, पण तिच्या हरकतीत जोर नव्हता.

"मुद्दा तुम्हीच काढलात, मॅडम. विचारू द्या," न्यायाधीश म्हणाले.

सरकारी वकील पिंजऱ्याजवळ गेले. "शिगवण, मग चूक आरोपीच्या घरातल्या दुसऱ्या कोणाची होती का?"

वैष्णवीने बाकाची कड घट्ट धरली. सुर्व्यांची मान हळूच वळू लागली. बाबू समोर भिंतीकडे बघत होता.

"ते आमी विचारलं नाय."

"का नाही विचारलं? चाळीस कलमं जळाली आणि कोणी जाळली, ते विचारलं नाही?"

"सायेब, नारळ ठेवला की कोणी केलं ते विचारायचं नसतं." बाबू समजावून सांगितल्यासारखा बोलला, लहान मुलाला सांगतात तसा. "नारळ त्यासाठीच असतो."

"हे देऊळ नाही, कोर्ट आहे. तुम्ही शपथेवर आहात. तुम्हाला माहीत आहे की नाही?"

"मी बघितलं नाय. न बघितलेलं शपथेवर काय सांगू?"

सरकारी वकिलांनी हात झटकले. सुर्व्यांची मान मात्र पूर्ण वळली होती. ते वैष्णवीकडे बघत होते. त्यांच्या नजरेत राग नव्हता, नुसता हिशेब जुळल्याचा थकवा होता. वैष्णवीला वाटलं, आत्ता उठून उभं राहावं. पण ती बसूनच राहिली. पुढची तारीख पडली, नवीन पुकारा झाला आणि माणसं बाहेर ढकलली गेली.

व्हरांड्यात अक्षयाने आबांना बाजूला घेतलं. "काका, आज काम झालं. पुरावा उरला नाही म्हणावं इतपत झालं. आता पुढच्या तारखेला साहेब तुम्हाला स्वतः विचारतील, याबद्दल तुमचं काय म्हणणं. तुम्ही एवढंच सांगायचं, आरोप खोटा आहे, मला काही सांगायचं नाही. एक अक्षर जास्त नको. कळलं?" तिला दुसऱ्या कोर्टात जायचं होतं. जाता जाता तिने वैष्णवीच्या दंडाला ओझरता हात लावला आणि गेली.

आबा ताडताड फाटकाकडे चालू लागले. वैष्णवी जवळजवळ धावतच मागे.

"आबा, अहो, पडाल."

ते फाटकाबाहेरच्या वडाखाली थांबले. "तुला कोणी विचारलं होतं?"

ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुला कोणी विचारलं होतं गो? मी उभा होतो ना? झालं असतं काय ते माज्यावर झालं असतं. आता तो सुर्वे कसा बघत होता, बघितलंस? उद्या पोलीस दारात आले तर पोरीला काय सांगशील?"

"तुम्ही सात वर्षं आत गेलात, तर तिला काय सांगणार होते मी?" वैष्णवीचाही आवाज चढला. "आजोबा कुठे गेले विचारलं तर? माझ्यामुळे गेले, असं सांगू? मला नाही जमत, आबा. घास गिळवत नाही मला. तुम्ही काही बोलत नाही आणि मला रोज मेल्यासारखं होतं."

आबांचा राग एकदम उतरला. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं म्हणाले, "रडू नको. मिटवतो मी. पुढच्या तारखेला सायेब मलाच विचारणार ना? सांगतो, मीच लावली. संध्याकाळी नाय, दुपारी लावली. वारा खाडीकडचा होता. आता ध्यानात ऱ्हाईल माज्या."

"आबा, तुम्ही खेडला होता!"

"ते कोण सांगणार? वाडी सांगायची नाय." ते हसले. तिला वाटलं, या माणसाच्या पाया पडावं नाहीतर गदागदा हलवावं. "मी एकदा बोललो की तुज्याकडं कोण बघणार नाय. सुर्वे पण गप बसेल. त्याला माणूस पायजे, मिळाला. संपलं."

"वकीलबाई काय म्हणाल्या? खोटा आरोप म्हणून सांगायचं..."

"ती पोर हुशार हाय. पण घर माजं हाय." त्यांनी पिशवी उचलली. पलीकडे बाबू रस्ता ओलांडण्यासाठी उभा होता. आबांनी त्याला हाक मारली, आता साक्ष झाली होती, आता कोणाची बंदी नव्हती. "बाबू, थांब रे. गाडी हाय ना आता?"

दोघं म्हातारे शेजारी उभे राहिले. आबांनी चंची काढली. बाबू खाली मान घालून चुन्याची डबी उघडत होता.

"आबा," वैष्णवी म्हणाली, "तुम्ही बाबूकाकांबरोबर व्हा पुढे. मी मागच्या गाडीने येते."

"का गो? काय राहिलं?"

"पाणी पिऊन येते."

खोटं बोलायची ही शेवटची वेळ, असं मनाशी म्हणत ती वळली. फाटकातून आत आल्यावर ती कुठे थांबली नाही. मोटरसायकलींच्या रांगेतून, चहावाल्याच्या बाकड्याशेजारून, ती मागच्या इमारतीत, विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत गेली. आबांचं वकीलपत्र करायला ती आली होती तेव्हाची बाई आज नव्हती. टेबलापाशी दुसरीच होती, चष्मा नाकावर घसरलेली. तिने बसायला खुर्ची दाखवली. वैष्णवी बसली नाही.

"मोफत वकील पाहिजे होता."

"बायकांना मिळतो. कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

"कोर्टाचं काही आलंय का? समन्स वगैरे?"

"नाही."

"मग केस नंबर? गुन्हा कधी दाखल झालाय?"

बाहेर स्टँडकडे जाणाऱ्या गाडीचा हॉर्न वाजला. वैष्णवीने खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली.

"झाला नाही अजून," ती म्हणाली. "सासऱ्यांची पुढची तारीख यायच्या आत माझ्यावर दाखल करायचाय."